गोवा ते लंडन: किलोमीटर एक, तास मात्र अनेक

गोव्यातून विलायतेला किती तास लागतात, हा प्रश्न आपल्याकडे कुणीही कुणालाही विचारतो. कुणाचा भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, कुणाची भाची लिस्बनला, कुणाचा नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा असल्यामुळे दर काही महिन्यांनी कुठल्या तरी बंदराकडे विमानाने निघालेला असतो. विचारणाऱ्याला उत्तर एकच हवे असते. मिळतात मात्र चार. अंतर सांगणारे एखादे संकेतस्थळ म्हणते, साडेसात हजार किलोमीटर, नऊ-साडेनऊ तास. विमान कंपनीचे वेळापत्रक म्हणते, साडेदहा तास. तिकिटावर लिहिलेले असते की दुपारी एकला सुटून संध्याकाळी सहाला पोहोचणार, म्हणजे पाचच तास. आणि प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस सांगतो, घरातून निघालो ते तिथल्या घरी टेकेपर्यंत वीस तास गेले.

यातले खोटे कुणीच बोलत नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली असते, एवढेच. कोण काय मोजतो ते कळले की तिकीट घेतानाचे अर्धे गोंधळ मिटतात.

अंतर कुठून येते

संकेतस्थळाकडे विमानाच्या मार्गाची काही माहिती नसते. त्याच्याकडे असतात फक्त दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश. मोपा विमानतळ साधारण १५.७ अंश उत्तर, ७३.९ अंश पूर्व. लंडनचे गॅटविक ५१.१ अंश उत्तर आणि ग्रिनिचच्या रेषेच्या किंचित पश्चिमेला. पृथ्वी गोल मानायची, तिच्या मध्यबिंदूपासून या दोन्ही ठिकाणांपर्यंत दोन रेषा ओढायच्या आणि त्यांच्यातला कोन काढायचा. तो येतो जवळजवळ ६८ अंश. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० भाग केले की एका अंशाला १११ किलोमीटर. गुणाकार करा, साधारण ७,५५० किलोमीटर येतात. शाळेतल्या त्रिकोणमितीत बसणारे हे गणित आहे, त्यात जादू काही नाही. या लेखातले बहुतेक आकडे असेच अक्षांश-रेखांशांवरून काढलेले आहेत, म्हणून सगळीकडे 'सुमारे' धरून वाचा.

दोन संकेतस्थळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, त्याचेही कारण साधे आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. कुणी गोळा धरून हिशेब करतो, कुणी चपटेपणा धरून. एवढ्या लांबच्या अंतरात त्यामुळे वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. शिवाय कुणी 'गोवा' म्हणजे जुना दाबोळी विमानतळ धरतो, कुणी नवा मोपा. लंडनला तर अर्धा डझन विमानतळ आहेत. यावरून वाद घालू नये.

मैलांचा घोटाळा मात्र जपण्यासारखा आहे. रस्त्याचा मैल १.६ किलोमीटरचा, तर विमानवाल्यांचा आणि दर्यावर्दींचा मैल १.८५२ किलोमीटरचा. सागरी मैल हा अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग आहे, म्हणून नकाशावरून थेट मोजता येतो. तारवटी माणसाला हे सांगावे लागत नाही. पण तेच गोवा–लंडन अंतर एका ठिकाणी ४,६९० मैल आणि दुसऱ्या ठिकाणी ४,०७५ मैल दिसले, तर दुसऱ्याने जवळची वाट शोधलेली नसते. त्याचा मैलच मोठा असतो.

आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर गोव्यापासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ मारा आणि मग पृथ्वीच्या गोलावर तीच दोन टोके धरून दोरा ताणा. दोरा पट्टीच्या रेघेवरून जात नाही. तो आधी बऱ्यापैकी उत्तरेला चढतो आणि मग पश्चिमेला वळतो. सपाट नकाशावर हाच दोरा कमानीसारखा दिसतो, आणि विमानातल्या पडद्यावर आपली वाट वाकडी का, असे वाटते ते यामुळेच. वाकडी वाट नसते, वाकडा नकाशा असतो. मर्केटरने १५६९ साली तो नकाशा काढला तो खलाशांसाठी: होकायंत्राची दिशा न बदलता जायचे असेल तर नकाशावर सरळ रेघ मारावी आणि त्या दिशेने सुकाणू धरून ठेवावे. ते सोयीचे होते, सर्वांत जवळचे नव्हते. गोवा–लंडनच्या बाबतीत होकायंत्राची एकच दिशा धरून गेलात तर दोऱ्यापेक्षा सुमारे १९० किलोमीटर जास्त पडतात. जसजसे अंतर वाढते आणि दोन्ही टोके उत्तरेला सरकतात तसतसा हा फरक प्रचंड होतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान महिला वैमानिकांनी थेट उत्तर ध्रुवावरून आणले. सपाट नकाशात ध्रुव वरच्या कडेच्याही बाहेर पडतो. गोलावर दोरा ताणला तर तोही ध्रुवाच्या दिशेने बराच वर चढून मग खाली येतो.

दोरा जिथून जातो तिथून विमान जात नाही

गोवा–लंडन दोऱ्याखाली काय काय येते ते एकदा बघण्यासारखे आहे. अरबी समुद्र, कराचीच्या पश्चिमेला पाकिस्तानचा बलुचिस्तानकडचा किनारा, मग पूर्व इराणचे वाळवंट, कॅस्पियन समुद्राचा नैऋत्य कोपरा, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, रोमानियाचे वरचे टोक, मग मध्य युरोप आणि शेवटी इंग्लिश खाडी. गेल्या काही वर्षांची वर्तमानपत्रे वाचलेल्या माणसाला ही यादी वाचतानाच कळेल की एवढ्या सरळ कुणी जाणार नाही.

युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि पुढे महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. भारतानेही तेच केले. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही असेच झाले होते, तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस बंद झालेले आकाश जुलैच्या मध्यावर उघडले. जून २०२५ मध्ये इराण–इस्रायल युद्ध पेटले तेव्हा इराण आणि इराक दोन्हींवरची वाट काही दिवस नाहीशी झाली.

इथे गोव्याची एक गंमत आहे. दिल्ली किंवा अमृतसरहून युरोपला निघालेल्या विमानाला पाकिस्तान बंद म्हणजे दारातच भिंत. त्याला आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत खाली यावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते. आपण समुद्रकाठचे. मोपाहून उडालेले विमान सरळ मस्कतकडे जाऊ शकते, तिथून इराणवरून इस्तंबूल आणि पुढे लंडन. या वाटेची बेरीज केली तर साधारण ७,७३० किलोमीटर होते. दोऱ्यापेक्षा जेमतेम १८० किलोमीटर जास्त, म्हणजे बारा-पंधरा मिनिटे. पाकिस्तानच्या बंदीचा गोव्याच्या युरोपी फेरीला अंतराच्या हिशेबात फारसा चिमटा बसत नाही. इराण-इराक मिटले की मात्र बसतो. मग रियाध, कैरो, भूमध्य समुद्र अशी वाट धरावी लागते आणि अंतर ८,१५० किलोमीटरच्या पुढे जाते. दोऱ्यापेक्षा सहाशेच्या वर किलोमीटर, वेळ पाऊण तास जास्त. पाऊण तास ऐकायला थोडा वाटतो. पण त्यात इंधन वाढते, ते वाहून न्यायला आणखी इंधन लागते, वैमानिकांच्या कामाचे तास मर्यादेला भिडतात आणि तेच विमान परत येऊन दुसऱ्या फेरीला लावायचे गणित कोलमडते. जुलै २०२३ मध्ये मोपाहून सुरू झालेली एअर इंडियाची गॅटविकची थेट फेरी जून २०२५ मध्ये थांबवली गेली, तेव्हा कंपनीने दिलेल्या कारणांत सुरक्षा तपासण्यांबरोबर हे लांबलेले मार्गही होते.

आकाश बंद असण्याची गोष्ट दाबोळीला नवी नाही. तो विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ साली सुरू केला तोच भारताने घातलेल्या नाकेबंदीच्या दिवसांत. त्यांची पोर्तुगीज इंडियाची स्वतंत्र विमान कंपनीही त्याच वर्षीची, आणि तिची विमाने मुंबईकडे न वळता कराचीला जात. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, तरी त्याच रात्री दोन विमाने उरल्यासुरल्या पट्टीवरून उडाली आणि कराचीलाच जाऊन टेकली. नकाशावरचे अंतर आणि जायला मिळणारी वाट यांचा काडीमोड तेव्हापासूनचा आहे.

राजकारण बाजूला ठेवले तरी विमान दोऱ्यावरून जातच नाही. आकाशात ठरलेल्या मार्गांचे जाळे असते आणि त्यावर पाच-पाच अक्षरांची नावे दिलेले बिंदू असतात. विमान एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाते. उडताना आणि उतरताना त्या-त्या विमानतळाच्या नेमून दिलेल्या वाटा असतात. वाटेत सरावाचे लष्करी टापू येतात, मोठे ढग येतात. सगळे सुरळीत असले तरी ठरलेल्या मार्गाचे अंतर दोऱ्यापेक्षा थोडे जास्तच निघते.

वेग कुणाचा, कशाच्या तुलनेत

लांबच्या फेरीवरचे बोइंग ७८७ ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जाते. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे पन्नासच्या खाली गार असते, तिथे ध्वनीच सावकाश चालतो, त्यामुळे हे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पडते. आपण मुंबईला जातो ती एअरबस ३२० थोडी सावकाश, ०.७८ पट. पण हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नव्हे.

ओहोटीच्या वेळी पणजीहून जुन्या गोव्याकडे मांडवीतून होडी हाकली तर इंजिन तेवढेच ओरडते, पण काठावरची माडांची रांग सावकाश मागे सरते. परत येताना तेच इंजिन, तीच होडी, आणि पणजी चटकन येते. विमानाचे तसेच होते. हवाच वाहत असते आणि विमान त्या वाहत्या हवेत पोहत असते. सीटसमोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' नावाचा आकडा दिसतो तो बघत राहा. हिवाळ्यात युरोपला जाताना तो आठशेच्या खाली घसरलेला दिसतो. परतीच्या रात्री, सगळे पांघरूण ओढून झोपलेले असताना, इराणच्या आसपास तोच आकडा हजाराच्या वर गेलेला असतो. वैमानिकाने काही जोर लावलेला नसतो.

याला कारण जेट स्ट्रीम. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वेगवान वारे हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात आणि इराणवरून थेट उत्तर भारतावर येतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग. म्हणून भारतातून युरोपला जाणारी फेरी वेळापत्रकात लांब असते आणि येणारी आखूड. फरक तासाभराचाही असू शकतो. येताना विमान उतारावरून येते, अशी समजूत मी दोन-तीन ठिकाणी ऐकली आहे. पृथ्वीच्या फिरण्यावर खापर फोडणारेही भेटतात. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते, विमान त्या हवेतच असते. तेव्हा त्याचा थेट फायदा-तोटा काही नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना पूर्ण परत मिळत नाही. समजा अंतर ८,००० किलोमीटर, विमानाचा वेग ९०० आणि वारा १००. जाताना ताशी ८००, म्हणजे १० तास. येताना ताशी १,०००, म्हणजे ८ तास. एकूण १८. वाराच नसता तर १७ तास ४७ मिनिटे. तेरा मिनिटे गेली ती गेलीच, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो आणि मागच्या वाऱ्यात कमी. म्हणून कंपन्यांचे नियोजक रोज वाऱ्याचा अंदाज बघून मार्ग बदलतात. कधी शंभर किलोमीटर जास्त जाऊनही लवकर पोहोचता येते. सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत लवकरची वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत.

आपल्या डोक्यावरच्या पावसाळ्यातल्या वाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. जून ते सप्टेंबर खाली नैऋत्येचा मोसमी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि आपले माड वाकवतो. त्याच वेळी वर चौदा-सोळा किलोमीटरवर नेमका उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जोरदार प्रवाह असतो. हवामानशास्त्रज्ञ पंचेटी कोटेश्वरम यांनी १९५८ साली या पूर्व जेट प्रवाहावर लिहिले आणि तो जगाच्या नजरेत आला. प्रवासी विमाने त्याच्या गाभ्याच्या खालून जातात, पण कड त्यांनाही लागते. म्हणजे ऐन पावसाळ्यात, छत्री उलटी होत असताना, गोव्याहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाला पहिल्या टप्प्यात वर मागून ढकलणारा वारा मिळू शकतो.

जवळचे अंतर जास्त वेळ खाते

मोपा ते मुंबई हवाई अंतर ३९० किलोमीटरच्या आत. ताशी ८५० ने भागले तर अठ्ठावीस मिनिटे. वेळापत्रकात दिसतो सव्वा तास. ही लूट कुठे होते?

विमानाला उंचीवर चढायला वीसेक मिनिटे लागतात आणि त्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर जातात. उतरायची सुरुवातही दोनशे किलोमीटर आधी करावी लागते. ३९० किलोमीटरच्या वाटेत चढण संपते तिथे उतरण सुरू होते, सपाट पळायला जागाच उरत नाही. चहाचा कप हातात येतो तोवर सीटबेल्टचा दिवा लागतो तो यामुळे. दिल्ली मोपाहून जवळजवळ १,४७० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या पावणेचार पट, पण वेळ दुपटीच्या थोडा वर. अंतर वाढेल तसा चढ-उतारीचा खर्च वाटला जातो.

उरलेली मिनिटे जमिनीवर जातात. वेळापत्रकातली वेळ चाके हवेत उठण्यापासून धरत नाहीत. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणे आले, रांगेत थांबणे आले, मुंबईवर पोहोचून घिरट्या घालणेही आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एका पट्टीवर देशातली जवळजवळ सर्वांत मोठी गर्दी आहे. दाबोळीला दुसरे कारण: तो मुळात नौदलाचा तळ, आणि सकाळचे काही तास त्यांच्या सरावासाठी राखलेले. म्हणून कंपन्या वेळापत्रकातच थोडी सैल मिनिटे घालून ठेवतात. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर' मोजायचा असा धंद्याचा रिवाज आहे, वर ही सैल मिनिटे. विमान दहा मिनिटे आधी उतरले म्हणून वैमानिकाने अभिमानाने घोषणा केली, की ती मिनिटे आधीच खिशात होती असे समजावे.

घड्याळ

आता तिकिटावरचे ते पाच तास. सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावची, हा जगभरचा नियम आहे. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. दुपारी १ ला मोपाहून सुटले, गॅटविकला संध्याकाळी ६ ला पोहोचले. दिसतात पाच तास, त्यात साडेपाच मिळवा, झाले साडेदहा. हे हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे तासभर पुढे सरकतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. मधल्या काळात फरक साडेचार तासांचा, तेव्हा तेच विमान तेवढ्याच वेळात जाऊनही तिकिटावर ७ ला पोहोचलेले दिसते. पोर्तुगालचेही तसेच, लिस्बनचे घड्याळ लंडनबरोबर चालते. विमान सावकाश झाले असे समजून तक्रार करू नये. आपले घड्याळ वर्षभर जागेवर असते, त्यांचे नसते.

परतीचे तिकीट उलटे फसवते. गॅटविकहून रात्री ८ ला सुटले, मोपाला सकाळी ११ ला पोहोचले, शेजारी बारीक अक्षरात +१. पंधरा तास वाटतात, वजा साडेपाच केले की साडेनऊच उरतात. तो +१ नीट वाचा. विमानतळावर आणायला येणाऱ्याला नुसती वेळ कळवली आणि तारीख नाही, तर माणूस आदल्या दिवशी सकाळी जाऊन उभा राहतो. गोंधळ टाळायचा सोपा उपाय म्हणजे दोन्ही वेळा ग्रिनिचच्या वेळेत बदलून मग वजाबाकी करायची. वैमानिक आणि नियंत्रक जगभर हेच करतात, त्यांच्या कामात स्थानिक वेळ नसतेच.

मधे उतरायचे असेल तर

गोव्याहून युरोपला जाणारे बहुतेक लोक कुठे ना कुठे विमान बदलतात, आणि इथे अंतराचे गणित चकवते. मुंबईमार्गे लंडन म्हणजे ३९० आणि ७,२०० किलोमीटर. सरळ दोऱ्यापेक्षा शंभर किलोमीटरही जास्त नाही, कारण मुंबई जवळजवळ वाटेतच आहे. दोहामार्गे २,५४० आणि ५,२२०, म्हणजे दोनशेच्या आसपास जास्त. दिल्लीमार्गे मात्र १,४७० आणि साधारण ६,७२०, म्हणजे सहाशेच्या वर जास्त. आपल्याच राजधानीतून जाण्यापेक्षा परदेशातून जाणे चारशे किलोमीटरने जवळचे पडते. त्यातून दिल्लीहून पुढचे विमान भारतीय कंपनीचे असेल आणि पाकिस्तानची बंदी चालू असेल, तर तो फरक आणखी वाढतो.

पण किलोमीटर मोजून तिकीट घेऊ नये. शंभर-दोनशे किलोमीटर म्हणजे दहा-पंधरा मिनिटे. मधल्या विमानतळावरची बैठक दोन तासांची की नऊ तासांची, यावर सगळे ठरते. मुंबईचा मार्ग कागदावर सर्वांत आखूड, तरी देशांतर्गत विमान पहिल्या टर्मिनलवर उतरले तर दुसऱ्या टर्मिनलला रस्त्याने जावे लागते, आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर वेगळ्या तिकिटाची जबाबदारी कुणी घेत नाही. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तर पुढची सोय कंपनीने करायची असते आणि सामानही साधारणपणे थेट शेवटपर्यंत जाते. हजार-दोन हजार वाचवायला वेगळी तिकिटे काढणाऱ्यांना मी तरी मोडता घालतो.

गोव्याच्या टोकालाही वेळ जातो, आणि तो कुठलेही संकेतस्थळ सांगत नाही. काणकोणच्या माणसाला मोपाहून जायचे असेल तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडून पेडण्यात यायचे. त्यात आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजर राहायचे. रस्त्यावरच्या गर्दीला थोडी जागा ठेवली तर विमान सुटायच्या सहा तास आधी घराला कुलूप लागते. सहा तासांत विमान इस्तंबूलजवळ पोहोचते.

मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून गोव्याचे दोन विमानतळ आहेत आणि दोघांची नावे तिकिटावर नुसती 'गोवा' अशीही येतात. खाली तीन अक्षरांची खूण असते. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोघांत हवाई अंतर चाळीसेक किलोमीटरचे, पण रस्त्याने साठाच्या वर, आणि झुवारी व मांडवी दोन्ही ओलांडून दीड तास सहज. आंतरराष्ट्रीय विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. चुकीच्या विमानतळावर तीन तास आधी पोहोचलेला माणूस तडक गाडीत बसला तर अजून वेळेत जाऊ शकतो, दोन तास आधी पोहोचलेला बहुधा नाही.